कुठल्याही आजीकडे

आमच्या कारखान्यात बायकांचे कोट शिवतात. कोट इटलीला जातात, तिथं त्यांना भलत्याच नावाचं लेबल लागतं आणि मग ते आमच्यासारख्यांना परवडेनासे होतात. शिवणाऱ्या झाडून सगळ्या बायका, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी शाळेचं वय न झालेलं पोर. माझा यासेन तेव्हा दोन वर्षांचा होता. वासिल्काच्या जुळ्या मुली त्याहून लहान.

वासिल्का आमच्या लाईनीत बाह्या लावायची. कोटाची बाही लावणं म्हणजे काय, ते ज्यानं लावलीय त्यालाच ठाऊक. जरा चुकलं की कोट घालणारी बाई कायम खांदे उडवत असल्यासारखी दिसते. वासिल्काचा हात असा की आमच्या स्त्रुमा नदीच्या खोऱ्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पण त्या शरद ऋतूत ती आठवड्यातले दोन दिवस घरीच राहायची आणि उरलेल्या दिवशी दुपारी पळायची. मुलींना ठेवणार कुठं? नगरपालिकेच्या पाळणाघरात नंबर लागेपर्यंत पोराला दाढी फुटते. खासगी पाळणाघर होतं, भिंतीवर जिराफ रंगवलेलं, पण एका पोराची फी माझ्या निम्म्या पगाराहून जास्त. म्हणजे सकाळभर जिराफासाठी शिवायचं आणि दुपारनंतर स्वतःसाठी. जुळ्यांच्या आईनं तर पूर्ण दिवस जिराफालाच वाहायचा. माझा नवरा ट्रकवर, वासिल्काचा जर्मनीत बांधकामावर. मी शेजारणीच्या हातापाया पडून दिवस ढकलत होते.

एका सोमवारी मालकांनी, म्हणजे कोस्तादिन बाराकोव यांनी, मशीनं बंद करायला लावली आणि ते कापडाच्या गठ्ठ्यावर चढले. उंचीनं कमी असल्यामुळे भाषणाला त्यांना गठ्ठा लागायचा.

"इटलीची ऑर्डर रखडलीय," ते म्हणाले. "का? तर एकीचं पोर तापलं, एकीची शेजारीण रुसली, एकीला चारला जायचंय. असं चालणार नाही."

"मालक, खालचं जुनं जेवणघर रिकामं पडलंय," मी म्हटलं. "तिथं एक-दोन बायका ठेवल्या, पोरं तिथं सोडली, थोडी फी आम्ही दिली, थोडे तुम्ही घातले, तर..."

"दाफिना, हा कारखाना आहे, बाग नाही! पोरं आजीनं सांभाळायची असतात. मला कुणी वाढवलं? माझ्या आईनं. कसलं पाळणाघर न् कसलं काय! आजीकडे ठेवा."

"माझी आई ग्रीसमध्ये आहे," वासिल्का म्हणाली. "सेरेसला. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंची मुलं सांभाळते."

"मग सासू?"

"तीही तिथंच. त्याच गल्लीत."

बायका खिदळल्या. मालक कानापर्यंत लाल झाले. "मग दुसऱ्या कुणाच्या आजीकडे ठेवा! कुठल्याही आजीकडे ठेवा! पण सकाळी सातला मला मशीनवर माणूस पाहिजे."

"कुठल्याही?" वासिल्कानं विचारलं.

"कुठल्याही!" मालक गरजले आणि गठ्ठ्यावरून उतरले.

वासिल्कानं माझ्याकडे पाहिलं. शाळेत असताना मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावण्याआधी ती असंच पाहायची.

मालकांचा बंगला टेकडीवर आहे. तीन मजले, दारात खांब, फाटकावर दगडाचे दोन सिंह, आणि आत गरम होणारी जमीन. मालकीणबाई लेकीच्या कॉलेजसाठी सोफियाला राहायच्या. मालक उजाडताना बाहेर पडत ते अंधार पडल्यावर येत. राहता राहिली मालकांची आई, वेलिका आजी. ती दिवसभर फाटकाजवळच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला नावं ठेवायची.

आम्ही दोघी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता सगळं सांगून टाकलं. आजी ऐकत होती. 'मला आईनं वाढवलं' इथपर्यंत गोष्ट आली आणि तिच्या हातातल्या बिया सांडल्या.

"मी वाढवलं? असं म्हणाला तो?" आजीला हसता हसता ठसका लागला. "अगं पोरींनो, मी तंबाखूच्या गोदामात पानं निवडत होते! गोदामाच्या मागच्या अंगणात पाळणाघर होतं. कोस्ता तिथंच रांगला, तिथंच चालला. तिथल्या त्सोनाबाईंना तो आई म्हणायचा. आणि मला काय म्हणायचा माहितेय? 'ती बाई'. संध्याकाळी न्यायला गेले की ओरडायचा, ती बाई आली, ती बाई आली!"

"मालक पाळणाघरात होते?"

"होता म्हणजे? आणि चावायचा सगळ्यांना. तिथं त्याचं नावच चावरा होतं. मी रोज कुणा ना कुणाच्या आईची माफी मागत घरी यायची." तिनं डोळे पुसले. "पण मी कमावत होते गं. माझ्या पगारातून घरावर छप्पर आलं. त्याच घराची जागा विकून यानं पहिली मशीनं घेतली. हे नाही सांगितलं त्यानं गठ्ठ्यावरून?"

"नाही."

"आणा पोरं," आजी म्हणाली. "पण फुकट नाही हं. फुकटच्या आजीची किंमत कुणाला नसते, हे या बाकावर बसून मला चांगलं कळलंय. दिवसाला एक कॉफी आणि चीज भरलेल्या एका बानित्साचे पैसे. आणि माझ्या सोबतीला स्तामेना पाहिजे."

स्तामेना म्हणजे तिची मैत्रीण, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. तिच्या नुसत्या नजरेनं ताप उतरायचा.

असं ते सुरू झालं. मालकांची गाडी टेकडी उतरली की दुसऱ्या बाजूनं आम्ही पोरं घेऊन चढायचो. आधी आमची तीन, मग पाच, मग कुणाकुणाची भर पडत गेली आणि आठवड्याभरात सिंहांच्या पाठीवर कायम कुणी ना कुणी स्वार झालेलं दिसायला लागलं. गरम जमिनीवर पोरं उघड्या पायांनी हुंदडायची. कारखान्यात उरलेल्या अस्तराच्या तुकड्यांच्या आम्ही छोट्या गाद्या शिवल्या. दुपारी राजमाचं सूप, दही, भाजलेल्या मिरच्यांची चटणी लावलेला पाव, आणि मग सगळ्यांची झोप. मालक यायच्या आत पसारा आवरलेला, आजी बाकावर, तोंडात बिया.

कारखान्यात फरक पडायला वेळ लागला नाही. कुणी दुपारी घड्याळाकडे बघेना. वासिल्का पुन्हा पूर्ण दिवस बसायला लागली आणि बाह्यांचा ढीग संपायला लागला. जिला घरी बसावं लागलं होतं अशी एक इस्त्रीवाली परत आली. ऑर्डर नुसती मार्गी लागली नाही, पुढं पळायला लागली.

"बघितलं?" मालक मशीनांच्या मधून हात मागे बांधून फिरत म्हणायचे. "याला शिस्त म्हणतात. एकदा खडसावलं की माणूस सरळ होतो."

"हो ना मालक," वासिल्का म्हणायची. "तुमच्या बोलण्यात जादू आहे."

पण मालक खुश असूनही काळजीत दिसत. एक दिवस ते माझ्या मशीनपाशी आले आणि हळूच म्हणाले, "दाफिना, तुझ्या सासऱ्यांना ते विसरभोळेपण आलं होतं ना? सुरुवात कशी झाली होती?"

"का हो मालक?"

"आईचं काही खरं नाही गं. स्वतःशीच बडबडगीतं म्हणते. बानित्सा करते ती परातभर, एकटीला. काल बाथटबमध्ये रबरी बदक होतं. आणि परवा बाजारातून लहान पोरांची शीची भांडी घेऊन आली. एक नाही, आठ! म्हणाली, स्वस्त मिळाली."

माझ्या मागं बसलेल्या बाईनं हसू दाबण्यासाठी अख्खी कॉलर तोंडात कोंबली. मी सुई ओवल्यासारखं केलं आणि म्हटलं, "फुलझाडं लावायची असतील, मालक. त्या आकारात जिरेनियम छान येतं."

मालकांना ते पटलं. संध्याकाळी मी आजीला सांगितलं, तेव्हा तिनं खरोखरच एका भांड्यात जिरेनियम लावलं आणि ते मालकांच्या खिडकीत ठेवलं. उरलेली सात कामाला होती.

आम्हाला वाटलं होतं, हिवाळा असाच निघून जाईल. पण मालकांची दाढ आडवी आली.

त्या दिवशी ते सकाळपासून गाल धरून बसले होते. अकराच्या सुमाराला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. आम्हाला वाटलं, तिथून परत कारखान्यात येतील. ते गेले थेट घरी, झोपायला. पुढं काय झालं ते आजीनं आम्हाला नकला करून दाखवलं, आणि स्तामेनानं प्रत्येक गोष्टीला मान डोलावून साक्ष दिली.

मालक अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा, अशा अवतारात जिना चढले आणि आपल्या खोलीत शिरले. पलंगावर पाच पोरं आडवी झोपलेली, तव्यावरच्या माशांसारखी. मालक ओरडले. निदान ओरडायला गेले. निघालं ते एवढंच, "ऐ ऊओ आऽय आऽऽय?"

माझ्या यासेननं डोळे उघडले. समोर सुजलेल्या गालाचा, गुरगुरणारा माणूस. यासेन आनंदानं म्हणाला, "अस्वल!"

झालं. बाकीची उठली, शेजारच्या खोलीतली उठली, आणि सगळी फौज अस्वलाच्या मागं लागली. मालक जिना उतरून पळाले तर पोरं किंचाळत पाठोपाठ. कुणीतरी त्यांच्या पँटला लोंबकळलं. मालक जितके जास्त गुरगुरत तितका पोरांना जास्त चेव येई.

"ई ओआची ओऽ?" त्यांनी आईला विचारलं.

"तुझ्या कारखान्याची," आजी म्हणाली. "तूच म्हणालास ना, कुठल्याही आजीकडे ठेवा? मी कुठलीही आजी आहे."

मालकांनी पुन्हा तोंड उघडलं तर कापसाचा बोळाच बाहेर आला. स्तामेनानं त्यांच्या गालावर बर्फाची पिशवी ठेवली आणि दम भरला, "आडवा हो. बोलायचं नाही." पलंग तर भरलेला. तेव्हा मालक खाली अस्तराच्या गादीवर, वासिल्काच्या जुळ्यांच्या मधोमध झोपले ते चार वाजता उठले. आजी म्हणते, झोपेत ते हसत होते. स्तामेना म्हणते, ते औषधानं.

दुसऱ्या दिवशी त्यांची जीभ मोकळी झाली होती. गठ्ठ्यावर चढायलाही ते थांबले नाहीत.

"माझ्या घरात! माझ्या पलंगावर! आणि ही दाफिना मला जिरेनियम सांगते! उद्यापासून एक जरी पोर फाटकाच्या आत दिसलं तर त्याची आई कामावरून गेली समजा."

"मालक, पण तुम्हीच..."

"मी काही म्हणालो नाही!"

फाटकाला कुलूप लागलं आणि आमची गाडी पुन्हा मूळ पदावर आली. वासिल्का घरी बसली. दुसऱ्या दिवशी मीही, कारण शेजारणीला दुसरीकडे काम लागलं होतं. इस्त्रीवाली गेली. बघता बघता अर्धी लाईन रिकामी झाली. ज्या येत होत्या त्या संध्याकाळी येऊन सांगायच्या की कारखान्यात खिळ्यांना बिनबाह्यांचे कोट रांगेनं टांगलेत, लढाईतून परतलेल्या शिपायांसारखे. मालकांनी शर्टाच्या बाह्या सरसावून स्वतः एक बाही लावली. डावी, उजवीकडे.

त्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी आजीनं मला बोलावलं. "माझी बॅग बसस्टँडवर ने," म्हणाली. "मी ग्रीसला चालले."

मी यासेनला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं बॅग उचलली. ती एवढी हलकी होती की मी जवळजवळ तोंडघशी पडले.

"आजी, आत काय आहे?"

"हवा," आजी म्हणाली. "जड कशाला करायची? तुझी कंबर मोडेल."

स्टँडवर ग्रीसमधल्या सोलुनला जाणारी बस लागलेली होती. आजी ऐन बसच्या दाराशी, बाकावर, डोक्याला नवा रुमाल बांधून बसली आणि तिनं बियांची पुडी उघडली. स्तामेनाला तिनं आधीच कारखान्यात पाठवलं होतं, निरोप सांगायला. तो काय सांगायचा तेही पढवून ठेवलं होतं: तुझी आई ग्रीसला परक्यांची पोरं सांभाळायला निघाली, पगार चांगला आहे, घराची किल्ली सिंहाखाली ठेवली आहे.

मालक पळतच आले. गळ्यात मापाची टेप, शर्टाला धागे चिकटलेले.

"आई! हा काय तमाशा? लोक काय म्हणतील? बाराकोवची आई परदेशात दाईचं काम करते!"

"म्हणतील, चांगली कमावते."

"घरात काय कमी आहे तुला?"

"काम," आजी म्हणाली. "आणि माणसं. इथं माझ्याकडे दोन्ही होतं, तू कुलूप लावलंस. आता तिकडे जाते. तिकडे आजीला पैसे मिळतात."

बानित्सा विकणारी बाई आपली टोपली घेऊन जवळ सरकली. तिकीट खिडकीतल्या बाईनं खिडकी पूर्ण उघडली.

"आई, अगं पाळणाघर काढायचं म्हणजे पैसे लागतात," मालक आवाज खाली आणून म्हणाले. "रंग, हीटर, पगार. मला परवडणार नाही."

"आणि हा आठवडा परवडला? किती कोट गेले?"

मालकांनी शर्टावरचा एक धागा उपटला.

"माझ्याकडे पोरं होती त्या आठवड्यात किती गेले होते?"

मालकांनी दुसरा धागा उपटला.

"अरे, वासिल्का घरी बसली तर तू नवी बाई आणशील. तिला शिकवशील. ती शिकेपर्यंत तुझं कापड फाडेल. आणि नीट बाही लावायला लागली की तिलाही पोर होईल. मग काय, पुन्हा नवी? असा आयुष्यभर शिकवतच बसणार आहेस? त्यापेक्षा पोरं सांभाळायला दोन म्हाताऱ्या स्वस्त नाहीत का पडत?"

"आजी खरं बोलतेय," बानित्सावाली म्हणाली.

"तुम्ही मधे पडू नका," मालक म्हणाले.

"का नको? माझी सूनही तुमच्याकडेच होती. बटणं लावायची. आता घरी बसून माझं डोकं खाते."

बसच्या चालकानं भोंगा वाजवला आणि मान बाहेर काढली. "आजी, चढताय का? मला सीमेवर रांग लागेल."

"थांब रे बाबा," आजी म्हणाली. "माणूस विचार करतोय. सवय नाही त्याला."

सगळी बस हसली. मालकांनी टेप गळ्यातून काढली, मनगटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. यासेननं त्यांना ओळखलं आणि माझ्या कडेवरून वाकून त्यांच्या गालाला बोट लावलं, जिथं सूज होती तिथं. आता तिथं काहीच नव्हतं, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

"जेवणघर," मालक शेवटी म्हणाले. "ठीक आहे. जेवणघर देतो."

"जमीन गरम पाहिजे."

"हीटर लावतो."

"जमीन, कोस्ता. पोरं जमिनीवर राहतात, हवेत नाही. आणि मला न् स्तामेनाला पगार. पोरांच्या आयांकडून एक कॉफी न् एक बानित्सा, त्याच्या वर एक पैसा नाही. उरलेलं तू."

"आई, तू माझी आई आहेस की कामगार संघटना?"

"आधी संघटनेतच होते. तू नंतर झालास."

मालकांनी हात टेकले. बॅग उचलायला वाकले आणि ती झटक्यात वर आली. त्यांनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. मी निघालेल्या बसकडे फार लक्षपूर्वक पाहत राहिले.

इटलीचे कोट चार दिवस उशिरा गेले. थोडा दंड बसला तो मालकांनी निमूट भरला. आठ-दहा दिवसांत जेवणघर रंगून तयार झालं. जिराफ काढायचा नाही, असं आम्ही बायकांनी एकमतानं ठरवलं; वासिल्कानं भिंतीवर रेडा काढला, तो डुकरासारखा दिसतो, पोरांची काही तक्रार नाही. पहिल्याच आठवड्यात कांजिण्या आल्या आणि निम्म्या पोरांसह निम्म्या आया घरी गेल्या. मालक म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." पण मग कांजिण्या गेल्या, आणि नंतर तसं म्हणायची पाळी फारशी आली नाही.

त्या महिन्यात वासिल्काचा पगार पहिल्यांदाच न कापता घरी पोचला. पगार मोठा नव्हता, पण पूर्ण होता, आणि पूर्ण पगाराची चव वेगळीच असते. मी यासेनला थंडीचे बूट घेतले, जुने नाहीत, नवे. दुकानदार म्हणाला, हल्ली लहान बूट फार खपतात, काय भानगड आहे? स्ट्रॉबेरी तोडायला ग्रीसला जाणाऱ्या तिघी कामाची चौकशी करून गेल्या. आणि सेरेसहून वासिल्काची आई परत आली. डॉक्टरीणबाईंनी पगार वाढवते म्हटलं, पण ती म्हणाली, दुसऱ्याच्या नातवंडांना बोबडे बोल शिकवून झाले, आता आपल्या भाषेत शिकवते. ती आता आमच्या पाळणाघरात तिसरी बाई आहे. तिला पगारही मिळतो आणि जुळ्या मुलीही. वासिल्का दुपारच्या सुट्टीत खाली गेली की दोघी मायलेकी मुलींच्या लाडाकोडावरून भांडतात.

मालक व्यापारी मंडळाच्या सभेत भाषण करून आले. मी पहिल्यापासून म्हणत होतो, कामगार बायकांना पाळणाघर दिलं तर फायदा मालकाचाच, असं म्हणाले म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते ऐकून आम्हीही वाजवल्या, चांगल्या जोरात. टाळ्यांना काय पैसे पडतात?

परवा रस्त्यापलीकडच्या हातमोज्यांच्या कारखान्याचा मालक आला. आमच्या खिडकीतून आत डोकावत बराच वेळ उभा राहिला. त्याच्या चार कामगार बायका आमच्याकडे यायच्या गोष्टी करताहेत, हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं वेलिका आजीला बाजूला घेतलं आणि दीडपट पगार देतो म्हणाला, त्याच्याकडे आली तर.

आजीनं यासेनचं नाक पुसलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाली, "मी कशाला येऊ? तुमच्या कामगारांची पोरं इकडे आणा. जागा आहे. फक्त त्यांच्या आयांकडून कॉफी-बानित्साच घेणार, आणि दर पोरामागं तुमच्याकडून जेवणही."

"जेवण? रोजचं?"

"हो. मांस घालून."

हातमोजेवाल्यानं आमच्या मालकांकडे मदतीच्या आशेनं पाहिलं. मालक दाराला टेकून उभे होते. त्यांनी खांदे उडवले.

"माझ्याकडे कशाला बघताय?" ते म्हणाले. "मी या बाईशी घासाघीस करत नाही."